वीतभर वर धरलेला हात
खोबरेल तेलाचा वास आला की मला ती रविवारची सभा आठवते. इंग्रजांच्या राज्यातलं नागपूर, आणि गिरणीला सुट्टी असली की आमच्या वस्तीतल्या मारुतीच्या देवळात दारू सोडू पाहणारी माणसं जमत. बाबांनी यावं म्हणून आईनं महिनाभर विनवण्या केल्या. ते कबूल झाले, त्या दिवशी तिनं माझ्या केसांवर तेल थापलं आणि मलाही नेलं, कारण तिथं शपथ घ्यायची ती लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. एकेक जण उठे, रडे, शपथ घेऊन बसे. बाबांची पाळी आल्यावर सभा चालवणारा म्हातारा विणकर म्हणाला, “ठेव गा हात.” बाबांचा हात माझ्या केसांपर्यंत आला आणि मागे गेला. “काहून थांबले तुम्ही?” आईनं सगळ्यांसमोर विचारलं. “मी उद्या प्यालो तं पोरीले काही होईन वं,” एवढं बोलून ते अनवाणीच दारूच्या भट्टीकडे निघून गेले. ते शेवटपर्यंत पीत राहिले. माझ्या लग्नात मी पाया पडले तेव्हाही त्यांनी हात डोक्यावर टेकवला नाही, वीतभर वरच धरला. आता केस पांढरे झाले, तरी तेल लावताना राग येतोच: एवढी माया होती, तर ती दारूहून वीतभर जास्त का नव्हती?