व्हिडिओतली बाई

निवडणुकीनंतरच्या रविवारी दादाने देवासहून मला एक व्हिडिओ पाठवला. एक बाई शाळेच्या मागच्या दारातून मतदानाचं मशीन घेऊन बसकडे चालली होती. खाली हिंदीत लिहिलं होतं, की मशीनची चोरी अशी होते.

ती बाई मीच होते. मी राहते त्या धारपासून जवळच, तिरल्याकडच्या एका गावात माझी निवडणुकीची ड्यूटी होती. पुढच्या दारात चिखल होता, म्हणून आम्ही मागून निघालो. सगळ्या पक्षांचे एजंट बरोबर होते, पण व्हिडिओत ते कुठेच दिसत नव्हते.

मी लगेच फोन केला. "दादा, ती मी आहे. तूच भाऊबीजेला दिलेली जांभळी साडी ओळखली नाहीस?"

तो मायेनेच म्हणाला, "तू भोळी आहेस गं. तुझ्या हातात काय दिलं होतं, ते तुला तरी कुठे माहीत?"

"अरे, सील मी स्वतः लावलं."

"तेच तर. तुला वाटतं, तू लावलंस."

मी विषय बदलून त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. आईवडील गेल्यापासून माझं म्हणता येईल असं माणूस तेवढंच आहे.

अजूनही दर रविवारी त्याचा फोन येतो. गुडघेदुखी, थंडी, त्याच्या मुलाची नोकरी, एवढंच आम्ही बोलतो. परवा धारला माझ्या गच्चीवर मोर उतरला होता. फोनवर दादाला सांगायला म्हणून तोंड उघडलं, पण तो म्हणेल, 'तुला वाटतं, मोर होता', म्हणून राहू दिलं.