अंगात आलं नव्हतं...

परवा येडशीला नणंदेकडं गोंधळ होता, भाच्याच्या लग्नाचा. रात्री ठेवला तर पाहुणे थांबत नाहीत, म्हणून भर दुपारीच. परंड्याहून मी आणि माझ्या सासूबाई गेलो होतो. त्यांना मी आत्या म्हणते.

आधी एक सांगून टाकते. मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळेवर घेते, ब्लाउज शिवायचं दुकान चालवते, नवऱ्याशी रोज भांडते... म्हणजे सगळं नॉर्मल! पण पाहुण्यांत हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्या सगळ्यांना "थायरॉइडच्या गोळ्या हायेत" असं सांगायच्या.

तर खोलीभर बायका, वर पत्रा, उदाचा धूर आणि संबळ अगदी कानाशी. बाहेर जावं म्हटलं तर दारातही बायकाच... आणि एकदम छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, सगळं अंग थडथडा उडायला लागलं. वाटलं, संपलं, मरते मी आता इथंच.

पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आजारात कानात बोलायचे ते आवाज परत आले तर?

डोळे मिटले आणि आत कान लावला. कुणीच बोलत नव्हतं... एकही आवाज नाही. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं. या आजारात नुसता पॅनिक अटॅकही येऊ शकतो, दर वेळी जीव घाबरला म्हणजे जुनं दुखणं उलटलं असं धरू नका.

हे मला कळलं हो. बायकांना काय कळलं? "अगं बया, अंगात आलं!" कुणीतरी माझा अंबाडा सोडला, कुणी कपाळभर मळवट भरला. "आई राजा उदो उदो!" आणि ते बघून संबळवाल्यालाही चेव आला. घ्या!

मी आत्यांकडं बघितलं. त्या हात जोडून उभ्या होत्या आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं मला. देवी म्हटलं की सगळं झाकलं जातं. लोक पाया पडतात, नावं ठेवत नाहीत. मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, थोडा वेळ गप्प राहायचं, मग पाणी पाजतील, सुटले.

तेवढ्यात एका बाईनं माझे पाय धरले. नणंदेच्या शेजारची, पन्नाशीची असेल. रडत म्हणाली, "आई, माझी लेक खोलीतनं भाईर येत न्हाय गं. एकलीच बोलती, जेवत न्हाय. तुझ्या पायाशी आणू का तिला? किती पौर्णिमा करू, सांग."

मी आजारी पडले तेव्हा हेच झालं होतं. कित्येक महिने केस विंचरले नव्हते, त्यांचा गुंता झाला, तर देवीची जट आली म्हणून आत्यांनी त्यालाच हळदकुंकू वाहिलं! दवाखाना दिसेपर्यंत मी पोटच्या पोरीलाही ओळख देत नव्हते.

गप्प राहिले तर ही पोरगीही त्याच वाटेनं जाणार होती. आणि बोलले तर सगळ्या पाहुण्यांत वेडी म्हणून शिक्का... माझ्यावरच नाही, माझ्या लेकीवरही.

दातांवर दात आपटत होते. कसंबसं म्हटलं, "मी देवी नाही हो... मला डोक्याचा आजार आहे, स्किझोफ्रेनिया. गोळ्या चालू आहेत. आत्ता नुसता जीव घाबरलाय... मला बाहेर न्या. आणि लेकीला दवाखान्यात न्या."

संबळ वाजायचं थांबलं. आणि मागून कुणीतरी पुटपुटलं, "आई कोपली वाटतं..."

आता काय करायचं, सांगा! माझ्यात तर आणखी बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"कोपली न्हाय." हे आत्या बोलल्या. "सून खरं बोलती. थायरॉइड बियरॉइड काय न्हाय, म्याच लपवून ठिवलं हुतं. लई देव केलं आमी, पर ती उभी ऱ्हायली दवाखान्यानं. सरा आता, वाट द्या तिला."

त्यांनीच मला धरून ओट्यावर नेलं. ओल्या पदरानं मळवट पुसला, पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. हळूहळू श्वास जाग्यावर आला.

नंतर पंगतीत आमच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्याच राहिल्या. खोटं कशाला बोलू, लागलं ते. जीव तोडून खरं बोलावं आणि बक्षीस हे?

मग ती मघाची बाई आपलं ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. भात कालवला. मग हळूच म्हणाली, "त्या गोळ्यांनी झोप लागती का वं?"

"लागते मावशी," मी म्हटलं. "मला तर सुरुवातीला जरा जास्तच लागायची."

आज ती लेकीला घेऊन धाराशिवच्या दवाखान्यात गेली आहे. पोरगी घरातनं निघेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. आणि त्यांच्यासोबत कोण आहे माहितीय? आमच्या आत्या! सकाळी मला म्हणाल्या, "तू दुकान बघ. तिथं रांगेत कसं बसायचं ते मला ठावं हाय."

आत्यांकडं साधा मोबाइल आहे, ही पोस्ट त्या वाचणार नाहीत. तरी लिहिते... आत्या, परवा मला ना देवी व्हायचं होतं ना वेडी. तुम्ही बोललात म्हणून मी माणूस म्हणून घरी आले.