आचाऱ्यात घालायचा मसाला

लग्नाच्या स्वयंपाकात भांडी साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठतात. भांडी घासून संपतात, किस्से राहतात. गोपाळचे किस्से मी कितीतरी वर्षं हसत सांगितले. हल्ली तेच सांगताना हात गार पडतात.

गोपाळ माझा धाकटा भाऊ, कुंभकोणमचा नावाजलेला आचारी. मी त्याच्या हाताखाली भाजी चिरणारा.

*

नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून गोपाळ मीठही वासावरून ओळखायचा. तिरुनागेश्वरमच्या एका लग्नात दोन पातेली सांबार उकळत होतं. हा दारातूनच ओरडला, "अण्णा, डावीकडच्यात मीठ नाही!"

नवरीच्या बापाला खरं वाटेना. त्याने चमचाभर सांबार बाजूला नेऊन चाखलं आणि गोपाळला हातच जोडले!

*

मुहूर्तांच्या दिवसांत त्याला तीन-तीन दिवस झोप नसे. एकदा केसरी शिरा ढवळताना डोळे मिटलेले, हात मात्र फिरतोय! मी खांदा हलवला.

"झोपलो नाही, अण्णा. रवा काय म्हणतो ते ऐकतोय!"

सगळे हसले. एवढं बोलून तो उभ्या उभ्या परत झोपला. मी कढई आणि तो यांच्यामध्ये हात धरून उभा राहिलो.

*

अंग ठणकायचं, म्हणून दुखण्याच्या गोळ्या त्याच्या मसाल्याच्या डब्यातच असायच्या, लवंगांशेजारी. हजार माणसं जेवायची आणि हा रिकाम्या पोटी दोन गोळ्या, वर कॉफी! पोटात आग पडली की ताक.

एकदा त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, डबा उघडला. "अहो, हा कुठला मसाला?"

"हा जेवणात नाही घालत. आचाऱ्यात घालतात!"

तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो.

*

मग एक दिवस म्हणाला, "अण्णा, शौचाला काळं होतंय. डांबरासारखं."

"कढईची काजळी पोटात गेली असेल," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी साक्कोट्टैच्या लग्नात तो चुलीपाशी खाली बसला. उठलाच नाही. एवढ्या आगीजवळ, आणि हात बर्फासारखे!

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, पण सावकाश बोलल्या. "झोप नाही, म्हणून बीपी चढलेलं. गोळ्यांनी पोटात अल्सर केला, किडनीलाही मार दिला. अल्सरमधून रक्त वाहून गेलं, मग किडनीला रक्तच पुरेना. घरात कोणाला दिसलं नाही का, काका?"

मी चौथी शिकलेला. तरी एवढं कळलं.

"किडनी बरी होईल का?"

"बघू. पण आता झोप हवी. चुलीजवळ जाऊ देऊ नका."

त्या 'बघू'ने माझीही झोप गेली.

*

तिरुभुवनमचं एक लग्न आधीच ठरलेलं होतं. गोपाळला कळलं तर सुया काढून धावेल, म्हणून मी गुपचूप जाऊन स्वयंपाक केला. आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्याविना. नळावर तीनदा साबणाने हात धुतले आणि दुपारी थेट दवाखान्यात आलो.

डायलिसिसचं मशीन चालू होतं. गोपाळ डोळे मिटून पडलेला. छाती हलताना दिसेना. मी बोट त्याच्या नाकाखाली धरलं.

डोळे न उघडता तो म्हणाला, "अण्णा, हिंग जास्त पडलाय. आता झोपू दे."