मिस्त्रींची भिंत

नागापूरच्या एमआयडीसीत फवारणीचे पंप बनवणारी एक कंपनी होती. आपण संशोधनावर बराच खर्च करतो, असं तिचं म्हणणं. ते खरं आहे का हे तपासून करसवलतीसाठी दाखला देणं माझं काम. मी तेव्हा नवी ऑडिटर होते आणि लबाडी पकडायची मला भारी हौस. चहा आला तरी आधी त्याच्याकडे संशयाने बघायची, मग प्यायची.

मालकांनी संशोधन विभाग दाखवला. एसी, काचेचं कपाट आणि पडद्यावरचं प्लॅस्टिकही न निघालेलं एक यंत्र. विभागप्रमुख म्हणजे मालकांचे भाचे. त्यांची चाचण्यांची वही एका बैठकीत लिहिल्यासारखी सुबक. मी मुद्दाम खंडेनवमीचं पान काढलं. त्या दिवशी सगळी एमआयडीसी यंत्रांना हळदकुंकू वाहून गप्प बसते. इथे मात्र सोळा चाचण्या.

"पूजा उरकून लगेच केल्या, मॅडम," भाचे म्हणाले. एसीतही त्यांना घाम फुटला होता.

मी सगळाच खर्च नामंजूर करणार, हे दिसताच मालक काकुळतीला आले. "ही खोली सोडा, मॅडम. पण नवं नोझल खरं हाय. आमचे मिस्त्री तीन वरसं त्याच्यामागं हायेत. दाखला मिळाला तर त्यांना सोतंत्र शेड अन् दोन मानसं देनार हाय."

मिस्त्री चार दिवसांची रजा संपवून नुकतेच कर्जतहून एसटीने आले होते. पिशवी अजून खांद्याला होती. पिशवीतून नोझल काढून त्यांनी शेडबाहेरच्या नळाला लावलं. काय सुरेख फवारा उडाला! ते आधी घरच्या लिंबांवर मारून बघायचे, मग इथे येऊन भोक बदलायचे. खरं संशोधन बघून मला इतका आनंद झाला की दाखल्याचा कागद मी तिथेच बाहेर काढला.

"काका, याच्या नोंदी कुठे आहेत?"

"हायेत की. कोनतं भोक केवढं, कवा तुंबलं, समदं खडूनं लिवलंय भितीवर. या."

आम्ही आत गेलो. भिंत पांढरीशुभ्र होती. मॅडम येणार म्हणून मालकांनी आदल्या दिवशी शेडला चुना मारून घेतला होता.

 मग मीच नियम सांगितला. नोंद त्या-त्या वेळची लागते, मागाहून लिहिलेली चालत नाही. भाच्यांची वही मी त्याच कारणाने फेटाळली होती.

मिस्त्रींनी भिंतीवरून हात फिरवला आणि पांढरा झालेला तळवा बघत राहिले. "म्हंजे तीन वरसं मी काय केलंच न्हाई, व्हय?"

"केलंत हो, काका," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग गाडीत बसून मी अहवालात लिहिलं, संशोधन झाल्याचा पुरावा आढळला नाही.