मेन फ्यूज साबूत होता

ही गोठ मी आजवर कोणाले सांगितली नाही. बायकोले नाही, दुकानात रोज चहाले बसणाऱ्या दोस्ताले नाही. तुले काहून सांगून राहिलो, ते मलेही नीट समजत नाही. तू फक्त ऐक, गड्या.

आंधळगावच्या रोडवर माझं बॅटरीचं दुकान आहे. गाड्यांची वायरिंग, सेल्फ, डायनॅमो — हेच काम. नवीन लोक त्याले अल्टरनेटर म्हणतात, आमच्याकडे अजून डायनॅमोच चालते. माझ्या हाताचं नाव होतं. माझ्याकडे आलेली गाडी दुसरीकडे जात नाही, असं लोक म्हणत. तेच नाव मले भोवलं — नाही, आता तरी खोटं बोलू नये. भोवलं ते दुसऱ्याले. मले काहीच झालं नाही.

देवरामजी आमच्या गावचे कास्तकार, तळ्याखाली धानाची जमीन. एकच पोरगी, म्हणून जवाई सुधाकर त्यांच्याच घरी राहे. घरजवायाची इज्जत काय असते, ते का तुले सांगायचं? ताट वेळेवर भेटते, पण सल्ला कोणी विचारत नाही. सुधाकर मुळातच गरीब गाय. पण ट्रॅक्टर त्यानं असा सांभाळला, की देवरामजीनं कार घेतली तेव्हा चाबी त्याच्याच हाती दिली. "गाडीचं काही असन तं जवाईबापूले विचारा," असं ते चारचौघांत बोलले. मी तिथं होतो. सुधाकरनं मान खाली घातली, पण चेहरा असा फुलला होता का सांगू!

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. सकाळी कार चालूच होईना. सुधाकरनं ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर जोडून चालू केली आणि तशीच माझ्याकडे आणली. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलेला. "भाऊ, पाहा बरं जरा. सासूबाईले डोळे दाखवायले भंडाऱ्याले न्यायचं आहे," म्हणाला, आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायले गेला.

आता इथून पुढं जीभ अडखळते माझी.

मीटर होता ना माझ्यापाशी! गाडी चालू असताना बॅटरीवर लावायचा. आकडा चौदाच्या जवळ चढला तं डायनॅमो चार्ज करून राहिला, नाही चढला तं आधी त्याले फिरवणारा पट्टा पाहायचा, मग वायर. बस. पण मी मीटर कायले काढतो? माझ्या उस्तादानं जुन्या जीपवर एक तपासणी शिकवली होती — चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल उचकून काढायचा. गाडी बंद पडली तं डायनॅमो बेकार. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाडीत असं करू नये, करंट उसळून सारं जाळते, हे मले माहीत नव्हतं का? माहीत होतं. एका पोरानं सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर हसलोही होतो.

बॉनेटमधूनच रेस ओढली आणि टर्मिनल काढला. टक् झालं. इंजन बंद. जळक्या वार्निशचा वास आला. दुकानातली चार्ज केलेली बॅटरी लावून पाहिली — सेल्फ फिरे, पण इंजन चालू होईना; कॉम्प्युटर जळला होता. मग मी वाकून खाली पाहिलं. डायनॅमोचा पट्टा ढिला होता. एक पाना फिरवायचं काम होतं ते.

तेवढ्यात देवरामजी मोटरसायकलवर आले. "काय झालं?" मागून सुधाकर चहा घेऊन आला. दोघंही माझ्याकडे पाहून राहिले. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "घरून ट्रॅक्टरवरून चालू केली होती ना? वायर उलटी लागली असन. इथवर आली तशी आली, आता कॉम्प्युटर गेला."

वायर उलटी लागली असती तं पहिले मेन फ्यूज उडाला असता. तो साबूत होता. मी तो आपल्या हातानं काढला, पाहिला, आणि खिशात घातला. देवरामजीले दुसराच दाखवला — माझ्या डब्यातला, कोणत्या तरी जुन्या गाडीचा जळका. समजलं का? चूक घाईत झाली असं म्हणता येते. पण जळका फ्यूज शोधायले डब्यात हात घालावा लागते.

"नाही भाऊ, लाल लालवरच लावली मी," सुधाकर म्हणाला. एकदाच म्हणाला.

"येत नाही तं हात काहून लावला?" देवरामजी ओरडले. टपरीवरचे सारे पाहून राहिले होते. चहाचे ग्लास सुधाकरच्या हातातच होते.

गाडी मीच दुरुस्त केली, शाबासकीही मलेच भेटली. चाबी देवरामजीच्या खिशात गेली. ट्रॅक्टरवर रोजीचा ड्रायव्हर आला. जवाईबापू म्हणणं बंद झालं, अंगणातून नुसतं "ए सुधाकर" ऐकू येऊ लागलं. तो राइस मिलमध्ये पोती उचलायले जाऊ लागला. बायकोनंही बापाचंच खरं मानलं. काहून नाही मानणार? माझ्या हाताचं नाव होतं ना.

दिवाळीच्या आधी तो एकटाच दुकानात आला. मग म्हणाला, "भाऊ, मले तं आठवते, लाल लालवरच लावली. पण सारेच म्हणतात... माझीच नजर चुकली असन का?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं, गड्या. मी बोललो असतो तं तिथल्या तिथं सुटला असता तो. आणि मी काय म्हणालो? "होते घाईत माणसाकडून. मनाले लावून घेऊ नको." वरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत काढली त्याची! त्यानं हात जोडले. "तुम्ही तरी मले समजून घेतलं," म्हणाला. थू माझ्या जिंदगीवर.

परवा तो मोटरसायकल ढकलत आला. बॅटरी उतरली होती. मी चार्ज करून त्याच्या हाती दिली. पाना समोरच पडला होता, ज्यानं वर्षानुवर्षं ट्रॅक्टर सांभाळला त्याले हे काय अवघड? पण त्यानं बॅटरी परत माझ्याकडे केली.

"तुम्हीच लावून द्या, भाऊ," हसून म्हणाला. "मले लाल-काळ्यातलं समजत नाही."

मी लावली. लाल लालवर, काळी काळीवर. तो हात मागं बांधून नीट पाहत होता. मी पाना ठेवला आणि म्हणालो, "झालं. मार किक."