तळाच्या पाइपला हात

कारखान्यात त्याला सगळे वाफवाले काका म्हणत. तेवीस वर्षं एकच काम. औषधासाठी जंतू वाढवायचे त्या टाकीत आधी वाफ सोडायची आणि आतला परका जीव झाडून सगळा मारायचा. एकशे एकवीस अंश, अर्धा तास. एखादा जरी चुकार जंतू उरला, तरी तो आत घर करतो आणि हजारो लिटर माल वाया जातो.

वरचा तापमानाचा काटा काय, कुणीही वाचेल हो. खरी मेख तळाशी. तिथल्या वाकड्या पाइपात हवा अडकून बसली की वर काटा खुशाल एकशे एकवीस दाखवतो आणि खाली पाइप कोमट. तिथे वेगळा काटा बसवावा असं साहेबांना कधी सुचलं नाही. कशाला सुचेल? काकांचं बोट होतं ना! बोट टेकवायचं, चटका बसला की "स्स्!" करून मागे घ्यायचं, की टाकी पास.

आणि नेमकं तेच बोट दगा देऊन बसलं. शुगरने वर्षभरात बोटं पार बधिर झाली, गरम-गार काही कळेना. सांगायचं कुणाला? सांगितलं की घरी बसा. मग हा शहाणा काय करी? बोट टेकवी, कळत काही नसे, तरी "स्स्!" म्हणून मागे घेई आणि वहीत सही ठोकी. निव्वळ नाटक! मनातून घाबरलेला असे, पण करत राहिला.

लागोपाठ दोन टाक्या नासल्या आणि खापर फुटलं त्याच्या मेहुणीवर. ही बायकोची धाकटी बहीण, त्यानेच शब्द टाकून कामाला लावलेली. लॅबमधलं जंतूंचं विरजण टाकीत सोडायचं काम तिचं. "तुमच्याच हातून घाण गेली. उद्यापासून येऊ नका," साहेब तिला म्हणाले.

ती त्याच्याकडे वळली. "भावजी, टाकी तर तुम्ही हात लावून पाहिली होती. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार, नाही का?"

स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. त्याने तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं.

साहेब हसले. "काका, मेहुणीसाठी खोटं बोलू नका. तुमचं बोट कधी चुकलंय?"

शेजारच्या टाकीत वाफ चालू होती. तो तिथे जाऊन उकिडवा बसला आणि तळाच्या पाइपवर अख्खा पंजा दाबून धरला.

"एक," तो मोजू लागला. "दोन. तीन."

साहेबांचं हसू मावळलं. मेहुणी किंचाळत धावली आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओढू लागली. "सोडा भावजी! माझंच चुकलं, मी कबूल करते, सोडा!"

तो साहेबांकडेच बघत होता.

"चार," तो म्हणाला.