दोनदा परत गेलेली शिडी

ऑफिसात त्यांना आवरबुवा म्हणत. कॉम्प्युटरच्या अगदी पोटातला, फायली डिस्कवर ठेवणारा कोड लिहिणे हे त्यांचे काम. असा कोड मेमरीतली जागा मागून घेतो. डिस्कने मध्येच दगा दिला, तर घेतलेली प्रत्येक जागा परत करून निघायचे, शेवटी घेतलेली आधी. बुवांच्या अंगात हे इतके मुरले होते, की बस चुकली तर ते घरी येऊन बूट काढत, डबा रिकामा करत, शर्ट हँगरला लावत आणि पांघरूण घेऊन पडत.

"अहो, दहा मिनिटांनी दुसरी बस आहे!" बायको कपाळाला हात लावी.

"आधी आवरू दे. मग पहिल्यापासून निघतो."

त्या दिवशी मात्र बुवांची गाळण उडाली होती. खराब डिस्क लावली, की त्यांच्या कोडमुळे अख्खे मशीन कोलमडत होते. पाचपर्यंत दुरुस्ती आली नाही, तर सहा महिन्यांचे काम नव्या आवृत्तीतून काढून टाकू, असे साहेबांनी कळवले होते. बुवा सकाळपासून घरीच स्क्रीनला डोळे लावून बसले होते. आवरायचे काही राहिले म्हणावे, तर प्रत्येक जागा परत केलेली दिसत होती.

चार वाजता डोके आंबले म्हणून ते खाली उतरले. बाहेर भिंतीला शिडी टेकलेली. तळमजल्यावरच्या काकूंची, काल बल्ब बदलायला बायकोने आणलेली.

"राहिलीच वाटतं द्यायची," म्हणत बुवांनी ती उचलली आणि काकूंच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली.

"ओ साहेब!" खिडकीवरच्या छज्ज्यावर रंगारी उभा होता, हातात ब्रश. "मी काय उडी मारू?"

बायको खिडकीत आली. "अहो, शिडी मी सकाळीच दिली काकूंना! त्यांनी ती या रंगाऱ्याला दिली. एकदा परत केलेली वस्तू पुन्हा कसली परत करता?"

बुवा जागीच थिजले. मग "दोघांनी! दोघांनी परत केली!" असे ओरडत जिना चढून गेले.

"अहो, माझं काय?" रंगारी म्हणाला.

कोडमध्ये नेमके हेच चालले होते. डिस्क वाचणारा भाग चूक होताच मेमरी परत करून मोकळा होई. त्याला कामाला लावणारा भाग तीच मेमरी पुन्हा परत करी. तोवर ती तिसऱ्याच कुणाच्या पायाखाली गेलेली असे. बुवांनी एक ओळ खोडली. खराब डिस्क लावली. मशीनने 'ही डिस्क उघडता येत नाही' एवढे सांगितले आणि गुमान पुढच्या कामाला लागले. पाचला सात मिनिटे असताना दुरुस्ती गेली. साहेबांचे उत्तर आले: "घेतली."

बुवा धावत खाली आले. बायकोने रंगाऱ्याला केव्हाच उतरवून घेतले होते. बुवांना पाहताच त्याने शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"चुकलंच माझं. तुमचं झालं, की शिडी मी काकूंना—"

"नको!" खिडकीतून, व्हरांड्यातून आणि शिडीमागून एकदमच आवाज आला.